जखम कामावरची, कागद घरचा

वाचकहो, आरोग्याच्या सदरात आज विम्याचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण गेल्या तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. बांधकामावर, वर्कशॉपमध्ये, गुऱ्हाळावर माणूस जखमी झाला की पहिले काही दिवस त्याला डॉक्टर लागतो आणि पुढे उरलेले आयुष्यभर पैसा लागतो. डॉक्टरचे काम आम्ही जमेल तसे करतो. पैशाचे काय, हे मात्र त्या अपघाताच्या किती तरी आधी ठरलेले असावे लागते. म्हणून आज औषधपाणी थोडे बाजूला ठेवू या.

दवाखान्यातले जुने केसपेपर मी ठरावीक मुदतीनंतर रद्दीत घालतो. एक मात्र जपून ठेवला आहे. तो २००३ सालचा आहे.

एप्रिल महिना होता. दुपारी चारच्या सुमारास आमच्या गावातले एक ठेकेदार एका माणसाला टेम्पोत घालून घेऊन आले. तिशीच्या आतला सेंट्रिंग कामगार. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबची फळी निसटली आणि तो दोन्ही टाचांवर खाली आला होता. ठेकेदार माझ्या ओळखीचे, घरचे सगळे पेशंट माझेच. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर, पोलिसांचे लचांड मागे लावू नका. घरी माडीवरून पडला असे टाका. खर्चाची काळजी नको, सगळा मी करतो."

मी तसे लिहिले. "राहत्या घरी माडीवरून पडून इजा." सही, शिक्का, तारीख. पेशंटला जिल्ह्याच्या गावी अस्थितज्ज्ञांकडे पाठवले. टाच मोडली होती आणि कमरेच्या वरचा एक मणकाही दबला होता. उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाची टाच मोडली असेल तर त्याचा मणकाही तपासायचा, हे आम्हाला कॉलेजातच शिकवतात.

ठेकेदार शब्दाला जागले. हॉस्पिटलचे बिल भरले, दोन महिने घरी धान्य पोचवले. मग त्यांचेच एक काम अडकले, बिले थकली आणि धान्य बंद झाले. कामगार उठून चालू लागला, पण परांचीवर पुन्हा चढू शकला नाही. ओझे उचलणे तर दूरच.

साधारण वर्षाने त्याची बायको दवाखान्यात आली. वकिलाने पहिला कागद मागितला होता. तिने माझाच केसपेपर घडी उलगडून टेबलावर ठेवला. कुणाकडून तरी वाचून घेतला असावा. ओरडली नाही, रडली नाही. एवढेच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आमच्या घराला माडीच नाही."

मी नंतर लेखी खुलासा दिला. साक्षीलाही उभा राहिलो. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, तुम्ही खोटे तेव्हा लिहिलेत की आता बोलताय?" या प्रश्नाला चांगले उत्तर नसते. शेवटी तडजोड झाली. हक्काच्या मानाने फारच थोडी रक्कम त्या कुटुंबाच्या हाती पडली. ठेकेदाराकडे विमा नव्हता, तेवढ्यासाठीही त्यांना मिक्सर विकावा लागला. म्हणजे माझ्या एका ओळीने दोन घरांचे नुकसान झाले आणि फायदा कुणाचाच झाला नाही.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे बहुतेक मालकांची समजूत अशी असते, की दवाखान्याचे बिल भरले आणि वर चार पैसे हातावर ठेवले की जबाबदारी संपली. ही समजूत चुकीची आहे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. पुढे त्याला कर्मचारी भरपाई कायदा म्हणू लागले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि भरपाईचा विषय आता तिच्या सातव्या प्रकरणात आहे. नाव बदलले तरी गाभा तोच राहिला आहे. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाची चूक होती का, हा प्रश्नच तिथे येत नाही. फळी कुणी नीट ठोकली नाही याचा वाद घालत बसायचे कारण नाही.

नव्या संहितेत एक भर आहे. घरून कामावर येताना किंवा काम संपवून घरी जाताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, कामावरचाच धरला जातो. मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून साइटवर येणाऱ्या पोरांच्या मालकांनी हे लक्षात ठेवावे.

"पण तो प्यायला होता," असे मालक मला हमखास सांगतात. कामगार नशेत असेल, किंवा त्याने यंत्राचे संरक्षक झाकण मुद्दाम काढले असेल, तर मालकाला बचाव मिळतो हे खरे. पण मृत्यू आला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर तो बचाव चालत नाही. आणि दारूचा वास आला की नाही, हे मी मालकाला किंवा नातेवाइकाला विचारून लिहीत नाही. तपासून लिहितो.

आणखी एक समजूत पाहा. "माझा काही हक्क नाही" असे स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले की मालक निर्धास्त होतात. असा हक्कसोडीचा कागद कायद्याने निरर्थक असतो. मृत्यूची भरपाईही परस्पर घरच्यांच्या हाती देऊन चालत नाही. ती कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. रक्कम देय झाल्यापासून महिनाभरात दिली नाही तर त्यावर दरसाल १२ टक्के व्याज चढते, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. तो दंड साधारणपणे विमा कंपनी भरत नाही. मालकाच्याच खिशातून जातो.

एका हाताचा हिशेब

आता दुसरी हकिगत सांगतो. ही २०२२ सालची आहे. औद्योगिक वसाहतीतले सहा कामगारांचे लहान वर्कशॉप. पॉवर प्रेसवर एका तीस वर्षांच्या कामगाराची उजव्या हाताची तीन बोटे गेली. पगार महिना १२,००० रुपये.

त्या वेळच्या कायद्याप्रमाणे हिशेब असा होतो. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ७,२०० रुपये, आणि त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. तीस वर्षांसाठी हा आकडा २०७.९८ आहे. गुणाकार येतो १४,९७,४५६ रुपये. एका हाताची तीन बोटे गेली तर कायद्याच्या यादीत कमाईच्या क्षमतेचे नुकसान ३० टक्के धरले आहे. म्हणजे ४,४९,२३७ रुपये. हाच माणूस दगावला असता तर पगाराच्या ५० टक्के धरून १२,४७,८८० रुपये झाले असते. शिवाय उपचाराचा खरा खर्च वेगळा. हिशेबासाठी धरायच्या पगाराची कमाल मर्यादा ८,००० रुपये होती, ती जानेवारी २०२० मध्ये १५,००० रुपये झाली. त्यामुळे जुन्या आकड्यांवर विसंबून राहिलेल्या मालकांना आता मोठा धक्का बसतो.

या यादीत अंगठ्याला ३० टक्के, पूर्ण तर्जनीला १४ टक्के, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर ४० टक्के असे आकडे ठरलेले आहेत. वाचताना अंगावर काटा येतो, पण निदान त्यावर घासाघीस होत नाही. यादीत नसलेल्या जखमेचे नुकसान किती, ते मात्र डॉक्टरने तपासून ठरवायचे असते. माझ्या त्या सेंट्रिंगवाल्याची पाठ यादीत नव्हती. तिथे डॉक्टरच्या शब्दाला वजन होते आणि तोच शब्द मी आधी वाया घालवला होता.

प्रेसवाल्या मालकाचे नशीब असे, की ज्या मोठ्या कारखान्याचे जॉबवर्क तो करायचा त्यांनी अट घातली म्हणून त्याने पॉलिसी काढलेली होती. मुलाला माझ्याकडे आणल्यावर मालक स्वतः म्हणाला, "डॉक्टर, आहे ते लिहा. प्रेसवर झालेय." मी तसे लिहिले. कागदपत्रे पुरी झाली, काही महिन्यांनी कंपनीने रक्कम भरली. त्या मुलाने दोन म्हशी घेतल्या आणि आज तो त्याच वर्कशॉपचे स्टोअर सांभाळतो. मालक आणि कामगार एकमेकांशी बोलतात, सणाला एकमेकांकडे जातात. विम्याचा हा फायदा कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

पॉलिसी घेताना

दहा किंवा अधिक कामगार असतील आणि ईएसआय योजना लागू असेल, तर २१,००० रुपयांपर्यंत पगाराच्या कामगाराला उपचार आणि अपंगत्वाचा लाभ त्या योजनेतून मिळतो. अडचण खरी असते ती चार, सहा, आठ माणसांच्या मालकाची. त्याच्यासाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांची एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसी असते. जुने एजंट तिला अजून 'डब्ल्यू. सी. पॉलिसी' म्हणतात. प्रीमियम ठरतो तो वर्षभराच्या एकूण पगारावर आणि कामाच्या धोक्यावर. हिशेबनीसाचा दर कमी, उंचावर चढणाऱ्याचा जास्त. माझ्या पेशंटांच्या अनुभवातून जमलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, माणसे आणि पगार खरे दाखवा. आठ माणसे असताना चार दाखवून प्रीमियम वाचवला, तर अपघात नेमका पाचव्याला होतो आणि कंपनी तिथेच बोट ठेवते.

दुसरी, कामाचे स्वरूप खरे लिहा. कागदावर 'प्लंबिंग' आणि माणूस चौथ्या मजल्यावर बाहेरून पाइप बसवतोय, असे असेल तर वाद ठरलेला.

तिसरी, पेटी ठेकेदाराची माणसे पॉलिसीत आहेत का ते पाहा. मुख्य ठेकेदार आपल्या धंद्याचे काम पेटी ठेकेदाराला देतो, तेव्हा त्याच्या माणसाला लागले तरी भरपाई मुख्य ठेकेदाराकडे मागता येते. मुख्य ठेकेदाराने ती नंतर पेटी ठेकेदाराकडून वसूल करावी, पण आधी द्यावी लागते त्याला. "ती माणसे मुकादमाची आहेत" हे वाक्य दवाखान्यात चालते, कोर्टात चालत नाही.

चौथी, उपचाराचा खर्च आणि व्यवसायजन्य रोग यांचा समावेश आहे का, हे एजंटाला स्पष्ट विचारा. पुष्कळदा त्यासाठी थोडा जादा प्रीमियम भरून वेगळी नोंद करून घ्यावी लागते.

काही मालक सांगतात, "आम्ही सगळ्यांचा वीस रुपयांचा सरकारी विमा काढलाय." प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चांगलीच आहे. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, ते कुटुंबाला जरूर मिळावेत. बांधकाम कामगाराने कल्याणकारी मंडळात नोंदणीही जरूर करावी. पण यातल्या कशानेही मालकाची कायदेशीर जबाबदारी फिटत नाही.

रस्त्यावरच्या माणसाला लागले तर?

कामगाराची पॉलिसी फक्त कामगारापुरती असते. दुकानाचा बोर्ड लावताना शिडी घसरली आणि खालून भाजी घेऊन चाललेल्या बाईंच्या खांद्यावर पडली, अशी केस माझ्याकडे आली होती. शिडीवरचा मुलगा विम्यात होता, बाई नव्हत्या. बाहेरच्या माणसाच्या इजेसाठी पब्लिक लायेबिलिटी म्हणजे सार्वजनिक दायित्वाची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. बांधकामाच्या काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसीतही त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा भाग घेता येतो. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा मात्र वेगळा आहे. तो १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर आला आणि तो घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी आहे. नाव सारखे असल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो.

रक्त न येणाऱ्या जखमा

सगळ्याच जखमांतून रक्त येत नाही. खडी क्रशरवरच्या कामगाराला दम लागतो, खोकला येतो. क्षयाची औषधे चालू होतात, फरक पडत नाही, आणि दगडाच्या धुळीने फुप्फुसे कडक करणारा सिलिकोसिस मागे तसाच राहतो. आमच्या साखरपट्ट्यात उसाच्या जुन्या, बुरशी लागलेल्या चिपाडांच्या धुळीने होणारा बगॅसोसिस आहे. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आहे. हे सगळे रोग कायद्याच्या यादीत आहेत आणि अपघातासारखेच भरपाईला पात्र ठरू शकतात. पण त्यासाठी आधी डॉक्टरला ते सुचायला हवेत. इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या रोगांवरचा ग्रंथ १७०० साली लिहिला. पेशंटला इतर प्रश्नांबरोबर 'तुझा धंदा काय?' हेही विचारा, असे त्याने वैद्यांना बजावले होते. तीनशे वर्षे उलटली, तरी आमच्या केसपेपरवर वजन, रक्तदाब असतो आणि धंद्याची जागा कोरी असते.

आणि माझा दवाखाना?

इथवर दुसऱ्यांना उपदेश केला. आता स्वतःचे सांगतो. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. तेव्हापासून आम्ही डॉक्टर मंडळी स्वतःच्या चुकांसाठी विमा काढतो. मीही पहिल्या वर्षापासून काढत आलो. २०१९ साली आमच्या झाडलोट करणाऱ्या मावशींच्या बोटात कचऱ्यातली वापरलेली सुई घुसली. सुई कचऱ्यात टाकणारे हात माझ्याच दवाखान्यातले. मावशींनी दोन दिवस कुणाला सांगितले नाही. "तुम्ही रागवाल म्हणून," असे त्या म्हणाल्या. एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्यतो दोन तासांत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत चालू करायची असतात. आम्ही जेमतेम त्या मुदतीत पोचलो. पुढचे सहा महिने प्रत्येक तपासणीच्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहू शकत नव्हतो. सुदैवाने सगळे अहवाल निर्दोष आले.

माझ्या चुकीपासून मला वाचवणारा विमा होता. माझ्या चुकीपासून मावशींना वाचवणारे काहीच नव्हते. कावीळ ब ची लससुद्धा दिलेली नव्हती. कायदा अशा लहान दवाखान्याला कसा लागू होतो, हा वाद वकिलांनी घालावा. मी पुढच्याच महिन्यात कंपाउंडर, नर्स आणि मावशी अशा तिघांची पॉलिसी काढली, तिघांना लसीचे तिन्ही डोस दिले आणि सुया टाकायचा जाड डबा आणला. सुई टोचली तर बोट पिळायचे नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचे आणि लगेच सांगायचे, हे सिंकच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून लावले आहे.

अपघात झाल्यावर पहिला तास

उंचावरून पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नका. सपाट फळीवर, मान आणि पाठ सरळ ठेवून हलवा. १०८ क्रमांकावर फोन करा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. डोळ्यात चुना किंवा सिमेंट गेले तर किमान पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धूत राहा आणि मग दवाखाना गाठा.

आणि डॉक्टरला खरे सांगा. कुठे, किती वाजता, कुठल्या कामावर, किती उंचीवरून. हा पहिला कागद कामगाराइतकाच मालकाच्याही कामाचा असतो. घरी पडला असे लिहून घेतले, तर आपल्याच पॉलिसीचा दावा मालक आपल्या हाताने बुडवतो. कारण घरी पडलेल्या माणसाचे पैसे विमा कंपनी का देईल? पोलिसांचे लचांड टाळायला गेलेला माणूस त्याहून मोठ्या लचांडात सापडतो. कामगारानेही कागदाची प्रत घरी जपून ठेवावी आणि अर्ज करायला वेळ लावू नये. दावा दाखल करायला कायद्याने मुदत घातलेली आहे.

आमच्याकडे म्हण आहे, बैल गेला आणि झोपा केला. तुमच्या हाताखाली दोन माणसे असोत की दहा, या आठवड्यात एकदा पॉलिसी उघडून पाहा. नसेल तर एजंटाला बोलवा. माझ्या केसपेपरवर आता नाव आणि वय यांच्याखाली दोन ओळी छापलेल्या आहेत: 'काम काय करता?' आणि 'कुठे लागले?' त्या मी स्वतः भरतो, मालकाला विचारून नाही, पेशंटला विचारून. आणि पेशंट "माडीवरून पडलो" म्हणाला, तर घराला माडी आहे का, एवढे विचारतो.